मदत हवी आहे : ड्यूकच्या यंदाच्या संघाची त्या विजेत्या संघाशी तुलना

निळीरेघ : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा यंदाचा (२०२४-२५) पुरुष बास्केटबॉल संघ, म्हणजेच कूपर फ्लॅगचा संघ, आणि तो विजेता संघ यांची खेळाडूवार तुलना करणारा तक्ता मी करत आहे. प्रति सामना गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) आणि असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) मांडून झाले, तरी फ्लॅगसमोर कोणाचे नाव लिहावे हे ठरत नाही. लेख उद्याच द्यायचा असल्याने कृपया नेमका उपाय सांगावा.

मध्यरेषा : कोणता विजेता संघ? ड्यूकने १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच विजेतेपदे मिळवली आहेत.

निळीरेघ : अर्थातच २०१५. दोन्ही संघांनी ३५ सामने जिंकले, ४ गमावले, आणि दोन्हींचा भार प्रथम वर्षाच्या खेळाडूंवर होता.

मध्यरेषा : मग प्रति सामना गुण आधी वगळा. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटवर फेक करण्याची मुदत, ३५ सेकंदांची होती, पुढच्याच हंगामात ती ३० सेकंदांची झाली. शिवाय २०१९-२० पासून तीन गुणांची रेषाही मागे सरकली. दर १०० पझेशनमागे (चेंडू ताब्यात असतानाच्या डावांमागे) केलेले आणि दिलेले गुण हेच न्याय्य माप आहे.

जुनाप्रेक्षक : आकड्यांवर एवढी भिस्त मला मान्य नाही. २०१५ च्या अंतिम सामन्यात ९ गुणांची पिछाडी भरून काढत संघाने विस्कॉन्सिनला ६८-६३ असे हरवले आणि त्यात टायस जोन्सने २३ गुण केले. यंदाचा संघ मात्र उपांत्य सामन्यात ह्यूस्टनकडून ६७-७० असा हरला. खरी तुलना करायची तर १९९२ चा लेटनर, हर्ली आणि ग्रँट हिल यांचा संघ घ्यावा.

मध्यरेषा : १९९२ विषयी कोणी विचारलेले नाही, आणि एका सामन्यावरून संपूर्ण हंगाम तोलता येत नाही.

पहिलीनिवड : एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये फ्लॅगला पहिल्या क्रमांकावर घेतले ते योग्यच झाले. २०१५ च्या संघातला ओकाफोर तिसरा होता.

निळीरेघ : ड्राफ्ट हा माझा प्रश्नच नाही.

तिरपापास : जागेऐवजी जबाबदारीनुसार जोड्या लावा. ओकाफोर आणि यंदाचा मालुआच दोघेही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे. पण ओकाफोर बास्केटकडे पाठ करून स्वतः गुण मिळवत असे, तर मालुआचचे मोल बास्केटच्या रक्षणात आणि उंच पास झेलून चेंडू थेट बास्केटमध्ये घालण्यात होते. आक्रमणाचा भार पाहिला तर फ्लॅगसमोर ओकाफोर येतो. आक्रमण आणि बचाव असा दोन्ही टोकांचा खेळ पाहिला तर २०१५ चा विन्स्लो, आणि मी तेच नाव लिहीन. राखीव खेळाडूंची तुलना मात्र वेगळी मांडा. २०१५ च्या जानेवारीनंतर शिष्यवृत्तीवरचे आठच खेळाडू उरले होते आणि ते सारे ड्यूकमध्येच घडलेले होते. यंदा टुलेनहून जेम्स, पर्ड्यूहून गिलिस आणि सिराक्यूजहून ब्राउन हे तयार खेळाडू आले. संघबदलानंतर एक वर्ष बाहेर बसण्याचा जुना नियम असता, तर यांपैकी ब्राउन यंदा सहसा खेळूच शकला नसता.

निळीरेघ : फ्लॅगसमोर विन्स्लो लिहितो. मग ओकाफोरसमोर मालुआचच ठेवावा का?

तिरपापास : ठेवा, पण त्या ओळीत गुणांबरोबर बचावाचेही आकडे द्या.