शब्दचर्चा : संस्था ‘ताब्यात घेणे’ की ‘अंकित करणे’?

विचारणा (ऐरोली) : १९३३-३४ मधील जर्मनीविषयी विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहीत आहे. नाझी राजवटीने देशातील संस्था एकामागून एक आपल्या हुकमतीखाली आणल्या, त्या प्रक्रियेसाठी ‘समन्वय’ हा शब्द चालेल का? ‘कब्जा’ मला फार ढोबळ वाटतो.

उत्तर (नौपाडा, ठाणे) : ‘समन्वय’ कृपया वापरू नये. समन्वयात दोन्ही बाजूंची संमती गृहीत असते, आणि येथे तर विरोधकांना तुरुंगात डांबून संमती मिळवली जात होती. २३ मार्च १९३३ रोजी अधिकारप्रदान कायदा (संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारा) संसदेत ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला, तेव्हा कम्युनिस्ट प्रतिनिधींना सभागृहात येऊच दिलेले नव्हते.

मात्र सर्व घटनांना एकच क्रियापद लावणेही योग्य नाही. २ मे १९३३ रोजी कामगार संघटनांची कार्यालये बळाने घेतली गेली. तेथे ‘कब्जा’ अचूक आहे. १४ जुलैच्या कायद्याने नाझी पक्षाखेरीज अन्य पक्ष बेकायदा ठरले; तेथे ‘बंदी’ पुरे. घटकराज्यांची गोष्ट निराळी आहे. आधी तेथील विधिमंडळे निवडणूक न घेताच, मार्चच्या राष्ट्रीय निवडणुकीत त्या त्या राज्यात पडलेल्या मतांच्या प्रमाणात, नव्याने भरली गेली, मग एप्रिलमध्ये केंद्राचे प्रतिनिधी वर बसवले गेले आणि ३० जानेवारी १९३४ रोजी ती विधिमंडळेच रद्द झाली. आधी मांडलिक करायचे आणि नंतर खालसा करायचे, हा क्रम मराठी वाचकाला आपल्या संस्थानांच्या इतिहासामुळे लगेच उमगेल, म्हणून ‘खालसा’ हा शब्द मी आग्रहाने सुचवतो.

न्यायालयांसाठी यांतील एकही शब्द पुरत नाही. राइशस्टाग (जर्मन संसदेची इमारत) जळीत खटल्यात लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९३३ मध्ये पाचांपैकी चार आरोपींना निर्दोष सोडले. त्या न्यायालयाला टाळे लावले गेले नाही. १९३४ मध्ये राजद्रोहाचे खटले त्याच्याकडून काढून नव्या ‘लोकन्यायालया’कडे दिले गेले. जुनी संस्था उभी आहे, पाटीही तीच आहे, पण तिच्या हातचे काम गेले आहे, अशा स्थितीला ‘अधिकार काढून घेणे’ असेच सरळ लिहावे.

संपूर्ण प्रक्रियेसाठी ‘अंकित करणे’ मला सर्वांत नेमके वाटते, कारण अंकित झालेली संस्था नावाने जिवंत राहते आणि दुसऱ्याच्या इच्छेने चालते. बोली भाषेतील ‘सत्तेच्या दावणीला बांधणे’ हेही अर्थाने चपखल आहे, परंतु टिपणात ते एकदाच यावे.

पृच्छा (वाशी) : अशा राजवटीला ‘सर्वंकष’ म्हणावे का? आपण ‘सर्वंकष चर्चा’ असे चांगल्या अर्थानेही म्हणतो.

उत्तर (नौपाडा, ठाणे) : म्हणावे, पण ‘सर्वंकष सत्ता’ असे जोडून. मूळ संस्कृतात सर्व काही घासून काढणारा, असा कठोर अर्थ आहे, आणि तो येथे लागू पडतो : ऑक्टोबर १९३३ च्या संपादक कायद्याने वृत्तपत्रात कोणी लिहावे हेही राज्यच ठरवू लागले. केवळ ‘हुकूमशाही’ म्हटल्याने ही व्याप्ती कळत नाही. आणखी एक सूचना अशी की, ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याचे ‘व्यावसायिक नागरी सेवेची पुनःस्थापना’ हे नाव अवतरणचिन्हांतच द्यावे, आणि त्याच वाक्यात, या कायद्याने ज्यू व राजकीय विरोधक असलेल्या कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढले, हे स्पष्ट लिहावे.