हौद पेंढ्यात नको

माई वहिनी (गाव): भाऊजी, नव्या गोठ्याचा नकाशा बघितला. सोमवारी मिस्त्री येतोय म्हणून आत्ताच लिहिते. पाण्याचा हौद मागच्या भिंतीला, गायी बसतात त्या पेंढ्यात नको. जुन्या गोठ्यात तेच केलं होतं आणि चंद्रीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

भाऊ (कोथरूड): वहिनी, टाकीची लाइन मागूनच येते. हौद पुढे न्यायचा तर शंभर फूट पाइप आणि खोदाई वाढते. हिशोब ग्रुपवर टाकला आहे. बाकी नकाशा कसा वाटला?

नाना: शेड किती बाय किती?

भाऊ (कोथरूड): 20 बाय 16. आठ गायी. भारतीय मानकात गायीमागे साडेतीन चौरस मीटर, म्हणजे 38 चौरस फूट. आपण 40 देतोय.

ताई (हडपसर): भाऊ, ते साडेतीन चौरस मीटर छपराखालचं. त्याच्या जोडीला गायीमागे 7 चौरस मीटर उघडं अंगण धरलेलं असतं. मुळशीच्या पावसात त्या अंगणात जून ते सप्टेंबर नुसता चिखल. गायी आतच राहणार. पेंढ्याच्या गादीवर मोकळ्या ठेवायच्या तर नुसती गादीच गायीमागे 70 चौरस फूट धर. गव्हाणीपुढे उभं राहायला कोबा वेगळा.

भाऊ (कोथरूड): म्हणजे शेड दुप्पट.

पिंट्या: दुपटीच्याही वर आहे काका. गायींना टू बीएचके आणि मी होस्टेलला तिघांत एक खोली 😀

आत्या (सांगवी): माझ्या वाटणीचा इंद्रायणी अजून आला नाही. दिवाळीपासून सांगते आहे.

माई वहिनी (गाव): आत्याबाई, तुमचं पोतं ओटीवर बांधून ठेवलंय. कोणाची गाडी आली की पाठवते. भाऊजी, हौद पेंढ्यात नको.

भाऊ (कोथरूड): वाचलं वहिनी. तेच तेच किती वेळा?

माई वहिनी (गाव): किती वेळा म्हणता म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही सगळे गणपतीत येता, गोठ्यात डोकावता. पेंढा वरून पिवळाधमक दिसतो. हौदाजवळ हाताने उपसून बघा. गाय पाणी पिते, मान झटकते, पाणी खाली सांडतं. मागे उभी असलेली तिथेच शेण टाकते. आठ दिवसांत तिथला पेंढा काळा. हात घातला की गरम लागतो, सकाळच्या गारव्यात वाफ निघते. चंद्री त्याच खळग्यात बसायची, ऊब लागायची म्हणून. एक दिवस धारेला बसले तर मागचा उजवा सड दगडासारखा आणि पहिल्या धारेत गाठी. औषध चालू होतं म्हणून दूध डेअरीला घालता येईना, वासराला पाजता येईना. किती दिवस ओतून दिलं ते मलाच माहीत. सड गेला तो गेलाच. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी पेंढ्यावर गुडघे टेकून बघते. गुडघ्याला साडी ओली झाली की समजायचं, गादी गेली. आणि हौदाजवळ ती रोज ओली होते.

नाना: सूनबाई बरोबर बोलतेय.

ताई (हडपसर): शंभर टक्के. कासदाहाच्या जंतूंना ओल, ऊब आणि शेण एवढंच लागतं. हौद कोब्यावर घ्या, गादीवर उभ्या गायीचं तोंड त्याला पोचता कामा नये. गाय खाताना-पिताना शेण टाकते, ते कोब्यावर पडू दे आणि दिवसातून दोनदा ओढून काढा. गादी कोरडी राहते, पेंढाही कमी लागतो. आणि भाऊ, ते चार फुटी दार काढ. आठ गायी एकाच फटीतून गेल्या की तिथे रबडी होते, शिवाय एखादी थोराड दारात उभी राहिली की बिचारी कालवड पाण्यालाच जात नाही. गादीची लांब बाजू अख्खी कोब्याकडे उघडी हवी.

माई वहिनी (गाव): आजी शेजारी बसल्यात. त्या सांगतात तसं लिहिते: "गुरांच्या तोंडचा पेंढा पायाखाली घालता? मग मे महिन्यात त्यांना काय घालाल?"

नाना: आईचं खरं आहे. रोज गायीमागे आठ-दहा किलो धरले तर आठ गायींना पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठ-नऊ टन. आपल्या पेंढ्याच्या उडव्या एवढ्या नाहीत.

भाऊ (कोथरूड): दौंडकडे ऊस तुटल्यावर पाचट शेतातच जाळतात. कुट्टी करून ट्रकने आणू.

ताई (हडपसर): चालेल. खाली पाचट, वर पेंढा. पण भिजलेलं, बुरशीचं अजिबात नको.

माई वहिनी (गाव): मग ते कोरडं ठेवायचं कुठे? नकाशात जागाच नाही. आणि गोठ्याला चिकटून नको, एक ठिणगी पुरते.

भाऊ (कोथरूड): सगळं करू. पैसे ताई आणि मी घालतोय, तेवढं लक्षात असू द्या.

माई वहिनी (गाव): लक्षात आहे भाऊजी. पहाटे साडेचारला शेण कोण ओढतं, तेही असू द्या.

नाना: पुरे. हे ग्रुपवर नको.

पिंट्या: काकू, सुट्टीत मी येतो शेण ओढायला. खरंच.

आत्या (सांगवी): ये ये. येताना माझं पोतं घेऊन ये.

भाऊ (कोथरूड): वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं. चुकलो. रात्री बसून नकाशा पुन्हा काढला, बघा. गादी 28 फूट लांब, 20 खोल. तिच्यासमोर 12 फुटी कोबा आणि पलीकडे 28 फूट सलग गव्हाण, एका गायीला साडेतीन फूट. गादीखाली दाबलेला मुरूम, कोब्यापेक्षा एक वीत उंच, म्हणजे शेणपाणी वर चढणार नाही. हौद कोब्याच्या टोकाला, गव्हाणीकडच्या कोपऱ्यात. पाइप साठ फुटांतच भागतो. पेंढ्याची खोली वेगळी, अंगणाच्या पलीकडे.

नाना: ट्रॅक्टर आत शिरतो का? महिना-दीड महिन्याने खत उपसावं लागेल. फावड्याने आठ गायींची गादी काढणारा गडी आता मिळत नाही.

भाऊ (कोथरूड): डाव्या बाजूला 10 फुटी फाटक दिलं आहे. मध्ये खांब नाही.

ताई (हडपसर): छान. पश्चिमेला चार फूट भिंत आणि वर पडदा, पावसाचा मारा तिकडूनच येतो. आढ्यावर सलग फट ठेव, नाहीतर अमोनियाने माणसाचेही डोळे चुरचुरतात. आणि व्यायला आलेल्या गायीला वेगळा कप्पा, 10 बाय 13.

माई वहिनी (गाव): आता नीट वाटतंय. भाऊजी, शनिवारी या. चुन्याची फक्की आणून ठेवते. आखून घेऊ आणि मिस्त्री यायच्या आधी आठही गायी आत उभ्या करून बघू.

भाऊ (कोथरूड): येतो. आत्या, परतताना तुझं पोतं आणतो.

आत्या (सांगवी): थोडे पोहेही आण.

माई वहिनी (गाव): आणि भाऊजी, हौद उताराकडच्या टोकाला घ्या. सांडलेलं पाणी केळीला जाईल.