ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीची जागा आणि चार वीरगळ

पाणवठा:
मी ग्रामपंचायत सदस्य आहे, माण तालुक्यातली. आमचं ऑफिस पत्र्याचं. पावसाळ्यात दप्तर टेबलावर चढवून ठेवावं लागतं. नवी इमारत हवीच. जागा ठरलीय महादेवाच्या देवळामागची, गावठाणातली. तिथे पिंपळाखाली चार वीरगळ आहेत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. दोन उभे, एक कलंडलेला, एक निम्मा मातीत. ठेकेदार म्हणतो, "ताई, जेसीबीनं तासाभरात बाजूला घेतो." देऊळ संरक्षित यादीत नाही, म्हणून परवानगीचा प्रश्नच नाही, असं बाकीचे म्हणतात. माझ्या सासूबाई दर अमावास्येला त्या दगडांना पाणी घालतात. कुदळ मारायच्या आधी काय बघायचं, कोणाकडून? मार्चअखेर डोक्यावर आहे.

जुना ओव्हरसियर:
ताई, बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. "यादीत नाही" हे कोणाकडून तोंडी ऐकलंत? केंद्र संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीपासून कायदा असा आहे. राज्य संरक्षित स्मारकांची यादी वेगळी. दोन्ही लेखी विचारा. शिवारात दुसरं एखादं संरक्षित स्मारक असेल तर तिथपासूनचं अंतरही मोजा.

आता माझं पाप. एका गावी पायाच्या चरात घडीव दगडी पायऱ्या लागल्या. मी म्हटलं, असेल जुना हौद, चला पुढे. ती बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, निघाली. सात महिने काम बंद, चरात पावसाचं पाणी आणि बिल अडकलेलं. आधी मीटर बाय मीटरचे चार खड्डे हातानं घेतले असते तर दोन दिवसांत कळलं असतं. तुम्हीही घ्या, पण पुरातत्ववाल्यांना विचारून, जाणकार माणूस उभा करून. राख, खापरं, मोठ्या जुन्या विटा दिसल्या की थांबायचं. गाडलेलं धन निघालं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवणं भाग आहे; त्यातली किमतीची मर्यादा अजून दहा रुपयेच आहे!

खापरवेडा:
पुरातत्वाचा विद्यार्थी आहे. वीरगळ हलवू नका, निदान नोंद होईपर्यंत तरी. दगड कुठे उभा आहे, कुणीकडे तोंड करून आहे, हीच अर्धी माहिती. देवळाच्या भिंतीला ओळीनं चिकटवून सिमेंट फासलं की ती गेली.

रात्री बॅटरी घेऊन जा. उजेड समोरून नको, अगदी कडेनं, दगडाला घासून मारा. दिवसा सपाट दिसणारं काम उठून येतं. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाशी गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना गेलेला माणूस. पीठ, खडू, ऑइलपेंट काही लावू नका. प्रत्येक बाजूचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा, उत्तर दिशा लिहा. मग राज्य पुरातत्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या, पोच घ्या. आणि वयस्कर माणसांकडून दगडांबद्दल ऐकून लिहून घ्या, सासूबाईंपासून सुरुवात करा.

पाणवठा:
काल रात्री गेलो, मी आणि पुतण्या. कलंडलेल्या दगडावर खाली तीन गाई आहेत. मला इतकी वर्षं ती तडे गेलेली खपली वाटायची. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग, गुराख्याचाच हाय त्यो. आमच्या आत्यासाबाई सांगायच्या." मला कधी का सांगितलं नाही म्हटलं, तर म्हणे तू कधी इचारलंस?

पत्र दिलं, पोच घेतली. इंजिनिअरना नकाशा बारा फूट पूर्वेला सरकवता येतो का विचारलंय. येतो म्हणाले, पण मग पार्किंग जातं. पार्किंगवर सोमवारी मासिक सभेत भांडण होणार आहे. ओव्हरसियर काका, चाचणी खड्ड्यांचा खर्च अंदाजपत्रकात कुठल्या बाबीखाली दाखवायचा?

जुना ओव्हरसियर:
माती परीक्षणाबरोबर घाला. नाहीतरी ते करावंच लागतं.