हरणाच्या शिकारीला .२२३ पुरेशी आहे का?

रानवाट

हरणांची शिकार जिथे कायद्याने, परवान्यावर आणि ठरलेल्या हंगामात होते, तेवढ्यापुरताच हा धागा आहे. शिकार करावी की करू नये हा वाद मोठा आहे, पण तो इथे नको. प्रश्न एवढाच आहे की .२२ वर्गातली, म्हणजे सुमारे .२२ इंच व्यासाची (कॅलिबरची) गोळी असलेली सेंटरफायर काडतुसे (बुडाच्या मधोमध चाप आपटून पेटणारी), विशेषतः .२२३ रेमिंग्टन, हरणाला पुरेशी मानावीत का. (बुडाच्या कडेवर आपटून पेटणाऱ्या, कमी ताकदीच्या .२२ रिमफायरबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान माप) गोळी आणि नळीच्या तोंडाशी जेमतेम १३० फूट-पाउंड ऊर्जा घेऊन हरणावर नेम धरणे हा निव्वळ क्रूरपणा आहे.)

माझे मत असे की साठ-सत्तर किलोपर्यंतच्या हरणाला, योग्य गोळी असेल आणि अंतर दीडशे मीटरच्या आत असेल तर, .२२३ पुरेशी आहे. तिची बदनामी झाली ती मुख्यतः चुकीच्या गोळ्यांमुळे. या काडतुसात अनेक वर्षे सहज मिळत असे ती ५० किंवा ५५ ग्रेनची, पातळ कवचाची गोळी, जी कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरासाठी बनवलेली असते आणि आदळताक्षणी फुटून तिचे तुकडे व्हावेत हाच तिचा हेतू असतो. ती हरणाच्या खांद्याच्या हाडावर लागली की वरवर भलीमोठी जखम होते आणि आतले फुप्फुस शाबूत राहते. आज त्याच काडतुसात कवच आणि गाभा एकजीव केलेल्या किंवा अखंड तांब्याच्या गोळ्या मिळतात, ज्या फुलतात पण फुटत नाहीत.

दुसरा मुद्दा धक्क्याचा, म्हणजे बार होताना रायफल खांद्याला मारते त्याचा. नवशिक्याच्या हाती मोठ्या काडतुसाची .३०८ द्या आणि त्याला न सांगता मॅगझिनमध्ये मधेच एक रिकामे, सरावाचे काडतूस घाला. चाप ओढल्यावर बार होत नाही, पण नळी चांगली चार बोटे खाली झुकते, डोळे मिटतात आणि खांदा पुढे येतो. त्याची प्रत्येक गोळी अशीच सुटत होती, फक्त आवाजात ते झाकले जात होते. .३०८ च्या पोटात लागलेल्या गोळीपेक्षा .२२३ ची फुप्फुसात लागलेली गोळी केव्हाही बरी.

पाऊलखूण

आपला शेवटचा मुद्दा ऐकायला चांगला वाटतो, पण तुलना न्याय्य नाही. आपण एका बाजूला वाईट नेमबाज उभा केला आहे आणि दुसऱ्या बाजूला चांगला. वाईट नेमबाजाच्या हाती .२२३ दिली तर तो काय करतो, ते पाहू.

मी अनेक हंगाम घायाळ जनावरांचा माग काढण्याचे काम केले आहे. बोलावणे बहुधा संध्याकाळी येते. शिकारी सांगतो की नेम अगदी खांद्यामागे होता, हरीण उसळले आणि झाडीत गेले. ज्या जागी ते उभे होते तिथे गुडघ्यावर बसून विजेरीच्या प्रकाशात एकेक पान उलटून पाहावे लागते. फेसाळ, गुलाबी रक्त दिसले तर फुप्फुस फुटले आहे आणि जनावर शंभर पावलांत सापडेल. गडद रक्त आणि त्यात हिरवट चोथा दिसला, तर गोळी पोटात आहे आणि काही तास थांबल्याशिवाय मागे जाण्यात अर्थ नाही, कारण उठवलेले जनावर कोसभर पळते. लहान कॅलिबरच्या बाबतीत मात्र मला वारंवार तिसरेच दृश्य दिसले आहे, ते म्हणजे चार-सहा केस आणि वाटाण्याएवढा रक्ताचा एकच थेंब. गोळी आत गेली, पण आरपार बाहेर पडली नाही. आत जाण्याचे छिद्र बोराच्या बीएवढे, तेही उंचावर, त्यामुळे रक्त छातीच्या पोकळीतच साचत राहते. जनावर कदाचित दीडशे मीटरवर मरून पडलेलेही असेल, पण तिथवर नेणारा माग जमिनीवर नाही.

कायदे करणाऱ्यांनी हे ओळखले आहे. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. व्हर्जिनियात .२३ पेक्षा लहान रायफल चालत नाही. जर्मनीत छोट्या रो हरणाला शंभर मीटरवर १००० ज्यूल पुरतात, पण त्याहून मोठ्या हरणांना किमान ६.५ मिलिमीटर आणि २००० ज्यूल. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना एकाच वेळी चूक कशी झाली असेल?

तिरंदाज

कायद्यांचे उदाहरण दोन्हीकडून वापरता येते. टेक्ससमध्ये हरणाला रिमफायर चालत नाही, पण सेंटरफायरला कॅलिबरची खालची मर्यादा नाही. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यात सर्वसाधारण मर्यादा .२४० आणि १७०० फूट-पाउंड आहे, पण मुंटजॅक आणि चिनी जलहरीण यांच्यासाठी नंतर .२२० आणि १००० फूट-पाउंड इतकी सूट दिली गेली. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशात व्यासाऐवजी वजन, वेग आणि ऊर्जा पाहिली आहे, आणि रो हरणासाठी ५० ग्रेनची गोळीही चालते. म्हणजे कायदा जनावर पाहून बदलतो. पंधरा किलोचे मुंटजॅक आणि दोनशे किलोचा लाल हरणाचा नर यांना ‘हरीण’ या एकाच शब्दात बसवून आपण इथे भांडत आहोत, ही या धाग्याची पहिली अडचण आहे.

ऊर्जेच्या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नये. ५५ ग्रेनची .२२३ नळीतून सुमारे १२८० फूट-पाउंड घेऊन निघते आणि शंभर यार्डांवर ती साधारण ९२० वर येते, म्हणजे कोलोरॅडोच्या कसोटीत व्यास सोडून दिला तरी ती नापासच. पण १८९५ सालापासून हरणे पाडत आलेले .३०-३० हे जुने काडतूस घ्या. त्याची १७० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर हजार फूट-पाउंडांच्या किंचित खाली येते. त्याला कोणी अपुरे म्हणत नाही, कारण जड, संथ गोळी आरपार जाते. ऊर्जा हे केवळ वेग आणि वजनाचे गणित आहे; गोळी किती खोल जाईल ते त्यात लिहिलेले नसते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ पाहा. जुन्या .२२३ रायफलींत बारा इंचांत एक फेरा असतो. त्यातून ५५ ग्रेनची गोळी नीट जाते, पण लांब, जड गोळी हवेत डगमगते. ७०-७७ ग्रेनच्या गोळीला आठ किंवा सात इंचांत एक फेरा हवा. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते आणि तिला पीळही अधिक लागतो. तेव्हा रानवाट ज्या ‘योग्य गोळी’बद्दल बोलत आहेत, ती अनेकांच्या घरातल्या रायफलीतून सरळ जाणारच नाही.

वैद्यबुवा

मी प्राण्यांचा डॉक्टर आहे, शिकारी नाही, म्हणून शरीरापुरतेच बोलतो. छातीत गोळी लागलेले जनावर ‘धक्क्याने’ मरत नाही. रक्तदाब कोसळून मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की मरते. हृदय पूर्ण फाटले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर ते दहा-पंधरा सेकंद पळू शकते, आणि तेवढ्यात हरीण शंभर मीटर सहज कापते. म्हणून ‘जागेवर कोसळले नाही’ ही तक्रार कॅलिबरविरुद्ध पुरावा ठरत नाही.

मात्र जखमेच्या आकाराचे गणित सोपे आहे. .२२३ ची गोळी ५.७ मिलिमीटर जाड, .३०८ ची ७.८. दोन्ही फुलून दुप्पट झाल्या असे धरले तर एक साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास आणि दुसरी साडेपंधराच्या. व्यासातला फरक नखाएवढाही नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध गेलेल्या गोळीला हा फरक जाणवणार नाही. फुप्फुसाची फक्त कड कापली गेली असेल, तर तो नक्की जाणवेल.

रानवाट

पिळाचा मुद्दा मान्य. तो मी मूळ लेखनातच घालायला हवा होता. पण पाऊलखूण, आपल्या अनुभवात एक गाळणी लागलेली आहे. ज्यांचे हरीण पन्नास पावलांवर पडले, ते आपल्याला कशाला बोलावतील? मोठ्या कॅलिबरवाल्यांचीही हिरव्या चोथ्याची हरणे आपण शोधलीच असतील.

आणि लहान कॅलिबरने मोठे जनावर पडत नाही असेही नाही. वॉल्टर बेल या जुन्या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या रायफलीने, जी त्या काळी हत्तीच्या मानाने अगदी खेळण्यातली समजली जाई.

पाऊलखूण

हो, मोठ्या कॅलिबरवाल्यांचीही शोधली, आणि गाळणीचा आक्षेपही रास्त आहे. पण माझी तक्रार चुकलेल्या नेमाबद्दल नव्हतीच. नेम दोघांचाही चुकतो. सारखीच चूक झाल्यावर कोणाच्या हरणाचा माग मिळतो, हा माझा प्रश्न होता.

बेल यांचे उदाहरण मात्र आपल्याच विरुद्ध जाते. त्यांची ७ मिलिमीटरची गोळी १७३ ग्रेनची, लांब, पूर्ण कवचाची आणि न फुलणारी होती. तिचे वजन आजच्या .२२३ च्या गोळीच्या तिप्पट. शिवाय मेंदू नेमका कुठे असतो ते कळावे म्हणून त्यांनी हत्तीची कवटी करवतीने उभी कापून पाहिली होती. हंगामात चार दिवस रानात जाणाऱ्या माणसाने स्वतःला त्या रांगेत बसवणे जरा धाडसाचेच.

हरीण आडवे उभे असते तेव्हा मी .२२३ बद्दल वाद घालणार नाही. ते तिरके उभे राहते तेव्हा काय? गोळीला आधी खांद्याचा सांधा फोडायचा असतो आणि मग छातीत वीतभर आत जायचे असते. तिथे ५५-६० ग्रेनपाशी काही शिल्लक उरत नाही. धक्क्याचीच भीती असेल तर .२४३ विंचेस्टर १९५५ पासून आहे. १०० ग्रेनची गोळी, सुमारे १९४५ फूट-पाउंड, आणि धक्का .३०८ पेक्षा बराच कमी. ती असताना एवढ्या काठावर चालायचे कशाला?

तिरंदाज

.२४३ ला माझे अनुमोदन. फक्त तिच्यातही ५५ ते ७५ ग्रेनच्या पातळ कवचाच्या गोळ्या मिळतात आणि लोक त्याच घेऊन हरणामागे जातात, एवढे लक्षात असू द्यावे.

रानवाट

तिरक्या हरणावर .२२३ ने गोळी झाडू नये, हे मी बिनशर्त मान्य करतो. मी स्वतः झाडत नाही. गेल्या हंगामात एक चांगला नर एकशे चाळीस मीटरवर, माझ्याकडे अर्धवट तोंड करून, पाच-सहा मिनिटे चरत होता. मी दुर्बिणीतून त्याचा खांदा पाहत राहिलो आणि तो तसाच ओढ्यात उतरून गेला. वैद्यबुवांचे गणित वाचल्यावर माझी दीडशे मीटरची मर्यादा मी शंभरावर आणतो आहे. .२४३ हलक्या रायफलीत बांधली की पंधरा वर्षांच्या मुलाला ती अजूनही खांद्याला लागते, आणि माझ्या घरात प्रश्न त्याच रायफलीचा आहे.

पाऊलखूण

मग रायफल जड घ्या, नाही तर खांद्याला जाड रबराची गादी लावा. गोळी हलकी करू नका. आणि तो नर आपण सोडलात, हे उत्तम केलेत. पंधरा वर्षांच्या मुलाने तो सोडला असता का, तेवढे सांगा.