ए-क्लास: बावीस लाखांची हॅचबॅक?

२०१३ साली मर्सिडीजची ए-क्लास ही हॅचबॅक (मागे बाहेर आलेली डिकी नसलेली गाडी) भारतात बावीस लाखांच्या आसपास आली. "बावीस लाखांत हॅचबॅक घेण्यापेक्षा स्कोडाची मोठी सुपर्ब घ्या" असा सल्ला तेव्हा कुणी दिला, तर कुटुंबासाठी तो अगदी रास्त होता. पण ए-क्लास घेणारा माणूस डिकी मोजून घेत नाही हो, तो पुढच्या जाळीवरचा मर्सिडीजचा तारा घेतो!

लहान गाडी म्हणून करात सूटही मिळत नव्हती, कारण ती सूट चार मीटरच्या आतल्या गाड्यांना. ए-क्लास जवळपास ४.३ मीटर लांब. डिझेल इंजिन २१४३ सीसीचं, पण ताकद जेमतेम १०९ अश्वशक्ती. म्हणजे दिसायला पैलवान, पळायला बेताचीच.

माझा खरा आक्षेप मागच्या सीटवर आहे. पुढच्या सीटना हेडरेस्ट जोडूनच दिलेत, त्यामुळे मागे बसलं की समोर नुसती काळी भिंत. काचाही लहान, वर चढत गेलेल्या. आईवडिलांना मागे बसवून कोकणात न्यायचं असेल तर गाडी घेण्याआधी त्यांनाच मागे बसवून बघा. शिवाय गाडी बुटकी, आपले स्पीडब्रेकर उंच.

स्वतः चालवायची हौस असेल तर त्याच काळातली (२०१९ पूर्वीची) बीएमडब्ल्यू वन सिरीज ही हॅचबॅक चालवून बघा. मागच्या चाकांना ताकद असल्याने स्टिअरिंगची मजा वेगळीच. मागे मधे बसणाऱ्याचे मात्र हाल, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यामुळे पायात भला मोठा उंचवटा येतो.