रस्त्यांची झाडलोट पूर्णपणे ठेक्यावर द्यावी का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

आमची महानगरपालिका ‘ड’ वर्गातील आहे. येथे घंटागाड्या काही वर्षांपासून ठेक्यावर चालतात. रस्ते झाडण्याचे काम मात्र अजून पालिकेच्या कायम आणि बदली सफाई कामगारांकडेच आहे. आता रस्ते, पदपथ, मंडई आणि बसस्थानकाचा परिसर यांच्या दैनंदिन झाडलोटीसाठी संपूर्ण शहराची मिळून एकच, सात वर्षे मुदतीची निविदा काढण्याचा प्रस्ताव आला असून त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात आल्या आहेत.

माझा कल प्रस्तावाच्या बाजूने आहे. आमच्या गल्लीला आठवड्यातून दोनदा झाडू लागला तरी पुष्कळ, आणि लागला तरी कडेला लावलेले ढीग ढकलगाडी येईपर्यंत वाहनांच्या वाऱ्याने पुन्हा रस्ताभर झालेले असतात. तक्रार केली की ‘माणसे कमी आहेत’ एवढेच उत्तर मिळते. दुसरीकडे, घंटागाड्यांच्या ठेकेदाराचा अनुभवही फारसा चांगला नाही. ज्यांनी पालिकेत काम केले आहे किंवा ज्यांच्या शहरात असे ठेके झाले आहेत, त्यांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात: यात पालिकेचे पैसे खरोखर वाचतात का, आणि रस्ता अस्वच्छ राहिला तर जाब कोणाला विचारायचा?

हजेरीकोठी

मी एका महानगरपालिकेतून आरोग्य निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. ‘माणसे कमी आहेत’ हे उत्तर आपल्याला टोलवाटोलवीचे वाटत असले तरी ते खरे आहे. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार वगैरेंवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असल्याखेरीज शासनाकडून नव्या पदांना आणि भरतीला सहसा मंजुरी मिळत नाही, आणि पुष्कळशा लहान महानगरपालिकांनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. शहराची हद्द वाढते, नवे रस्ते होतात, पण झाडूवाल्यांची मंजूर पदे जुन्या हद्दीएवढीच राहतात. सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार निवृत्तांच्या जागी वारसांची नेमणूक होते खरी, परंतु त्यामुळे संख्या फार तर टिकते, वाढत नाही. ठेकेदाराला दिलेले देयक मात्र आस्थापना खर्चात धरले जात नाही. तोच खराटा, तोच रस्ता आणि पुष्कळदा त्याच वस्तीतला माणूस. बदलते ते खर्चाचे लेखाशीर्ष. म्हणून प्रस्तावात ‘बचत’ असा शब्द दिसला, तर ती बचत रुपयांची आहे की टक्क्यांची, हे आधी विचारावे.

रुपयांची बचत अजिबात होत नाही, असे मी म्हणणार नाही. कायम कामगाराला वेतन आयोगाप्रमाणे पगार, घाणभत्ता, रजा आणि निवृत्तीनंतरचे लाभ मिळतात. ठेक्यावरच्या कामगाराला किमान वेतन मिळते आणि तेही पूर्णपणे त्याच्या हाती पडेल याची खात्री नसते. या दोहोंतील फरकातून ठेकेदाराचा नफा आणि देखरेखीचा खर्च वजा जाता उरते ती बचत. झाडण्याची पद्धत सुधारल्यामुळे झालेली ही बचत नव्हे. ती कामगाराच्या ताटातून काढून घेतलेली असते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निविदेतील एकाच कलमात सापडेल: देयक कशावर काढले जाणार? वजनावर काढले तर झाडलेल्या कचऱ्यात राडारोडा आणि गटारातला गाळ मिसळू लागतो. माणशी काढले तर हजेरीपटावर अशी नावे येतात जी रस्त्यावर कधी दिसत नाहीत. किलोमीटरवर काढले तर यांत्रिक झाडूची गाडी ब्रश वर उचलून धावते, आणि हा प्रकार मी स्वतः पाहिलेला आहे. पहाटे दुभाजकाच्या कडेने गाडी गेली, वरचा पिवळा दिवा फिरत होता, आवाजही यथास्थित होता. पण ती गेल्यावर दुभाजकालगतची बारीक मातीची पट्टी जागची हललेली नव्हती. जीपीएसच्या नोंदीत मात्र तेवढा रस्ता ‘झाडलेला’ होता आणि त्या नोंदीवरून देयकही निघाले.

वाशीकर

वरील प्रतिसाद अनुभवातून आलेला आहे, तरीही तो थोडा एकतर्फी आहे. नवी मुंबईत दैनंदिन साफसफाईचा मोठा भाग पूर्वीपासून कंत्राटी कामगारच करत आले आहेत आणि स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षे देशातील आघाडीच्या शहरांत राहिले आहे. सिडको या शासकीय नगररचना महामंडळाने आखलेले रुंद रस्ते आणि सेक्टरनिहाय रचना यांचा त्यात वाटा आहे, हे मान्य. याउलट इंदूर २०१७ पासून ओळीने अनेक वर्षे पहिला येत गेला, तो मुख्यतः तेथील महापालिकेच्या स्वतःच्या कामगारांच्या आणि कडक देखरेखीच्या बळावर. दोन्ही मार्गांनी शहर स्वच्छ राहू शकते, एवढे तरी यावरून दिसते.

कायम कामगारांच्या व्यवस्थेतील दोषांवर मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. सफाई कामगार म्हणून वेतन घेणारी किती माणसे प्रत्यक्षात कार्यालयात शिपायाचे, लिपिकाचे किंवा साहेबांच्या गाडीवर चालकाचे काम करतात? हजेरी लावून स्वतः घरी जाणारा आणि आपल्या जागी तुटपुंज्या पैशांवर दुसऱ्याला झाडायला पाठवणारा कामगार कोणत्या कोठीत नसतो? हे मुकादमाला आणि आरोग्य निरीक्षकाला ठाऊक असते, परंतु युनियन आणि नगरसेवक या दोघांच्या मध्ये सापडलेला निरीक्षक काही करत नाही. ठेकेदाराला निदान दंड करता येतो, त्याचे देयक अडवता येते.

तालुका कोर्ट

मी कामगार कायद्याच्या क्षेत्रात वकिली करतो. जाब कोणाला विचारायचा, याचे कायदेशीर उत्तर स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची सफाई हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. काम ठेक्याने करून घेता येते, कर्तव्य ठेक्याने देता येत नाही. २०२६ चे नवे नियम येईपर्यंत लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसारही लोकवस्तीची घनता आणि व्यापारी वर्दळ पाहून रस्ते दररोज, दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा झाडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर होती, आणि कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे व मास्क मिळतील हे पाहण्याचीही.

वाशीकर यांनी दंडाचा उल्लेख केला आहे. व्यवहारात तो दंड बहुधा खाली झिरपतो: देयकातून रक्कम कापली गेली की ठेकेदार ती कामगाराच्या पगारातून, भविष्य निर्वाह निधीच्या भरण्यातून किंवा न दिलेल्या गमबुटांतून वसूल करतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत कामगाराच्या पगारपत्रकावर निधीची कपात दिसते आणि त्याच्या निधीच्या खात्यावर भरणा दिसत नाही, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी आता पहिल्या भेटीतच पासबुक मागतो. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी अखेर मूळ मालक म्हणून पालिकेवर येते. वेतनात ‘वाचलेले’ पैसे काही वर्षांनी थकबाकीच्या रूपाने परत येऊ शकतात, हे प्रस्तावाच्या हिशेबात कोठेही मांडलेले नसते.

याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. तेथील महापालिकेने कचरा उचलणाऱ्या कामगारांना ठेकेदारांमार्फत कामावर ठेवले होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे ठेके केवळ देखाव्याचे असल्याचा दावा चालवला, औद्योगिक न्यायाधिकरणाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही कागदोपत्री नावांच्या स्पेलिंगमधील फरकांमुळे अनेकांची पडताळणी रेंगाळली. ठेकेदाराच्या हजेरीपटावर कसेही लिहिलेले नाव कामगाराला असे वर्षानुवर्षे छळते.

आणखी एक मुद्दा नवा आहे आणि त्यावर वाद होणार हे निश्चित. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या असून त्यांतील व्यावसायिक सुरक्षा संहितेने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. झाडलोट, साफसफाई आणि कचऱ्याची विल्हेवाट ही कामे गाभ्याची मानली जाणार नाहीत, पण ती आस्थापना मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तरच, असे तेथे म्हटले आहे. एखाद्या कारखान्याच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. ज्या संस्थेच्या बंधनकारक कर्तव्यांत रस्ते झाडणे येते, तिच्या बाबतीत तो काय लावायचा? कलम ६३ पाहता झाडलोट हे महापालिकेच्या गाभ्याचेच काम आहे, असे माझे मत आहे. परंतु संहितेत काही अपवादही आहेत आणि त्यांचा आधार घेऊन पालिका उलट बाजू मांडतीलच. सात वर्षांचा ठेका करताना ही अनिश्चितता दुर्लक्षून चालणार नाही.

कृष्णाकाठ

तिघांचेही आभार. निविदेचा मसुदा मिळवून वाचला. यांत्रिक झाडूसाठी प्रति किलोमीटर आणि हाताने झाडण्यासाठी प्रति कामगार प्रति दिन असा दर मागवला आहे. दंडाचे कोष्टक आहे, पण रस्ता ‘अस्वच्छ’ कधी म्हणायचा याची व्याख्या नाही. ‘आरोग्याधिकारी यांचा निर्णय अंतिम राहील’ एवढेच आहे. सध्याच्या बदली कामगारांचे काय होणार, याबद्दल एक अक्षर नाही.

टेम्सतीर

मी मूळचा सांगलीचा असून गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या (तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) पर्यावरण विभागात काम करतो. आपण वर लिहिलेली व्याख्येची उणीव हीच माझ्या मते मसुद्यातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

येथे १९८८ च्या कायद्याने रस्तेसफाईसह अनेक कामांसाठी कौन्सिलांवर स्पर्धात्मक निविदा काढण्याची सक्ती केली होती. २००० साली ती सक्ती संपली. आज काही कौन्सिला ठेकेदाराकडून काम करून घेतात, काहींनी ते परत स्वतःकडे घेतले आहे आणि दोन्ही प्रकारच्या शहरांत स्वच्छ रस्तेही सापडतात आणि गलिच्छही. टिकून राहिली ती मोजण्याची पद्धत. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील संहितेत रस्त्याच्या अवस्थेच्या चार श्रेणी आहेत: अजिबात कचरा नाही ती ‘ए’, किरकोळ कपटे सोडता स्वच्छ ती ‘बी’, सर्वत्र विखुरलेला कचरा आणि अधूनमधून साचलेले लहान ढीग ती ‘सी’, आणि कचऱ्याने भरलेला रस्ता ती ‘डी’. प्रत्येक श्रेणीची छायाचित्रे दिलेली असल्यामुळे निरीक्षक आणि ठेकेदार यांच्यात वादाला जागा कमी उरते. वर्दळीप्रमाणे रस्त्यांचे विभाग पाडलेले असतात. बाजारपेठेतला रस्ता घसरला तर अर्ध्या दिवसात आणि कमी वर्दळीचा रस्ता घसरला तर चौदा दिवसांत पूर्ववत करावा लागतो. किती माणसांनी झाडला, किती वेळा झाडला, हे दुय्यम ठरते.

येथील पाऊस, येथील पार्किंग आणि येथील कचरा वेगळा आहे, त्यामुळे ही पद्धत उचलून तशीच आपल्याकडे लावावी असे मी सुचवत नाही. आपल्या मंडईच्या रस्त्याला ‘ए’ श्रेणी दिवसातून तासभर टिकली तरी पुष्कळ. पण श्रेणी कोणती हवी, हे आधी ठरलेले असावे.

हजेरीकोठी

टेम्सतीर यांच्या लेखनाशी मी पूर्ण सहमत आहे. वाशीकर यांनी निरीक्षकाबद्दल जे लिहिले, त्यावर थोडे. निरीक्षक दबावाखाली असतो हे खरे आहे, पण ठेका आल्यावर तो दबाव नाहीसा होत नाही. युनियनच्या जागी ठेकेदार येतो आणि त्याच्या मागे कोण उभा आहे हे सगळ्या कार्यालयाला माहीत असते. जी पालिका स्वतःच्या झाडूवाल्याची खोटी हजेरी पकडू शकत नाही, ती ठेकेदाराची पकडेल असे मानायला आधार काय? नागपुरात कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधून पाहिली गेली. घड्याळाने माणूस रस्त्यावर आहे एवढे कळते. दुभाजकालगतची माती निघाली का, हे पाहायला कोणी तरी चालत जावेच लागते.

एकच मोठी निविदा, हा दुसरा धोका. चेन्नईने २००० साली मोठ्या कंपन्यांना मंडळेच्या मंडळे (शहराचे प्रशासकीय विभाग) देण्यास सुरुवात केली. पुढे वजनाऐवजी कामाच्या निकषांवर पैसे देण्याची सुधारणा त्यांनी केली, आणि ती चांगली होती. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये रायपुरम आणि तिरु-वि-क नगर ही मंडळे कंपनीकडे जाताना, आपले वेतन घटणार म्हणून तेथील कामगारांनी रिपन बिल्डिंग या महापालिका मुख्यालयाबाहेर दिवसेंदिवस धरणे धरले आणि अखेर पोलिसांनी त्यांना रात्री उठवले. आमच्यासारख्या शहरात एकाच कंपनीने काम थांबवले तर दुसऱ्या दिवशी झाडायला पालिकेकडे माणूसही नसेल आणि ढकलगाडीही.

म्हणून हरकतीत ‘ठेका नको’ असे मोघम लिहू नका. त्याची नोंद होते आणि कागद फायलीत जातो. माझी सूचना अशी आहे. ठेका द्यायचाच असेल तर तो प्रथम हद्दवाढीत आलेल्या भागापुरता, तीन वर्षांसाठी द्यावा आणि जुन्या शहरातील कायम कामगारांचे बीट, म्हणजे नेमून दिलेले रस्ते, तसेच ठेवावेत. पेठेतल्या गल्ल्यांत यांत्रिक झाडू शिरतच नाही, तेथे प्रति किलोमीटर दराला काही अर्थ नाही. रस्त्याच्या श्रेणींची छायाचित्रे निविदेला जोडावीत आणि तपासणीला दर वेळी त्या प्रभागातील दोन नागरिक बरोबर असावेत. वेतन व निधीचा भरणा कामगाराच्या खात्यात जमा झाल्याची पावती जोडल्याशिवाय पुढचे देयक काढू नये, आणि ठेकेदार बदलला तरी कामगार तेच राहतील अशी अट असावी. सफाई कामगार म्हणून वेतन घेणारे किती जण प्रत्यक्ष झाडतात, याची प्रभागनिहाय यादी माहिती अधिकारात आजच मागा. ती तीस दिवसांत मिळायला हवी. हरकतींची मुदत त्याआधी संपत असेल तर अर्जाची पोच हरकतीला जोडून द्या, म्हणजे सुनावणीत तो प्रश्न काढता येईल.