सागाचं बाहेरचं पांढरं लाकूड कच्चं असतंय का?

बांधावरचा_साग:
नमस्कार मंडळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या बांधावर आजोबांनी लावलेला साग होता, गेल्या आठवड्यात पाडला. सुतारमामा म्हणाले बाहेरचं दोन बोटं पांढरं हाय ते कच्चं, अजून दहा वर्षं ठेवला असता तर पिकलं असतं. तेव्हापासनं मनाला लागलंय. घाई झाली का? झाडात लाकूड तयार कसं होतं कुणी सांगेल का?

वखारवाला:
घाई नाही भावा. मिठीत न मावणारे सोट येतात आमच्याकडं, त्यांनाबी पांढरं असतंयच. फक्त चौकटीला वापरू नको, किडा लागून पीठ पडतंय.

बॉटनीवाली_ताई:
कच्चं नाही हो ते. साल आणि लाकूड यांच्यामधे कॅम्बियम नावाचा पातळ जिवंत थर असतो, पावसाळ्यात ओली फांदी सोलली की बोटाला बुळबुळीत लागतं ना, तिथंच. त्यातल्या पेशी दुभंगत राहतात, आत पडली ती लाकडाची, बाहेर पडली ती सालीची. नवी पेशी आधी पाण्याच्या दाबानं फुगते, मग भिंतीला आतनं सेल्युलोजचे थर चढतात, धागे तिरके गुंडाळल्यासारखे, आणि त्यात लिग्निन नावाचं द्रव्य मुरलं की भिंत कडक, सळ्यांत काँक्रीट ओतल्यासारखी. आणि मग पेशी आतलं सगळं स्वतःच पचवून मरते, रिकामी नळी तेवढी उरते. वर्गात शिकवताना मी इथं दरवेळी थांबते, कारण ती मेल्याशिवाय तिच्यातनं पाणी वर चढतच नाही.

हे सगळं काही आठवड्यांत उरकतं. म्हणजे तुमचं पांढरं लाकूड केव्हाच पुरं झालेलं, झाडाला पाणी तेच पाजत होतं. त्यात थोड्या पेशी मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहून स्टार्च साठवतात, किडा येतो तो त्यासाठी. पुढं त्या मरतात आणि मरताना जी द्रव्यं तयार करतात त्यानंच गाभा तपकिरी होतो, वाळवीला नकोसा होतो. तोवर बाहेर नवं पांढरं आलेलंच असतं.

बांधावरचा_साग:
ताई, जीव हलका झाला. बुंध्याचा काप रंधा मारून भिंगातनं बघितला, मोठ्या भोकांची गोल रांग, मग बारीक, परत मोठी. हे काय?

बॉटनीवाली_ताई:
मोठी भोकं म्हणजे हंगामाच्या सुरुवातीच्या रुंद नळ्या, नव्या पानांना पाणी भरपूर लागतं. सागात साधारण एक रांग म्हणजे एक वर्ष.

बांधावरचा_साग:
41 भरल्या. मधल्या दोन अगदी चिकटून आहेत, दुष्काळ असेल का?

बॉटनीवाली_ताई:
असू शकेल, पण पाला ओरबाडला किंवा फांद्या छाटल्या तरी रिंग बारीक होते. ते वर्ष कोणतं ते मोजून काढा आणि घरच्या थोरल्यांना विचारा त्या वर्षी काय झालेलं.